गाडीचं स्टेअरिंग व्हील काढणं आणि परत बसवणं : क्रम, खुणा आणि नेहमीच्या चुका

कधी कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांचा) बदलायचा असतो, कधी क्लॉक स्प्रिंग (व्हीलमागची, एअरबॅग-हॉर्नच्या जोडणीची गुंडाळलेली केबल) गेलेली असते, कधी व्हीलचं रबर चिकट होऊन सोलायला लागलेलं असतं. व्हील निघतं, काम होतं, व्हील परत बसतं आणि तक्रारी सुरू होतात. सरळ रस्त्यावर व्हील डावीकडे कललेलं दिसतं. उजवं वळण घेतल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. हॉर्न सरळ चालताना वाजतो आणि पूर्ण वळणात गप्प बसतो. मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा पेटतो तो विझतच नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: व्हील नेमकं कुठल्या जागी होतं हे काढण्याआधी नोंदलं गेलेलं नसतं. म्हणून या लेखात नट खोलण्यापेक्षा त्याच्या आधीच्या तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

तुमच्या गाडीला एअरबॅग आहे का?

भारतात 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या सगळ्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ती नव्हती. मारुती 800 आणि ओम्नी ही तर सरळ उदाहरणं. ओळखायला सोपं आहे. व्हीलच्या मधल्या पॅडवर एसआरएस किंवा एअरबॅग अशी अक्षरं कोरलेली असतात, आणि चावी ऑन केली की मीटरमध्ये माणसासमोर फुगा असलेला लाल दिवा काही सेकंद पेटून विझतो.

एअरबॅग नसेल तर टप्पा 3 मधला हॉर्न पॅडचा भाग तेवढा वाचा आणि टप्पा 6 सोडा. एअरबॅग असेल तर एकही टप्पा सोडू नका आणि क्रमही बदलू नका.

पुढच्या तीन परिस्थितींत हे काम घरी करूच नका. एअरबॅगचा दिवा आधीपासूनच पेटलेला असेल, गाडीला समोरून जोरात धडक बसलेली असेल, किंवा गाडी पुराच्या पाण्यात डॅशबोर्डपर्यंत बुडालेली असेल. अशा गाडीतल्या एअरबॅगच्या वायरिंगची अवस्था बाहेरून कळत नाही. ती स्कॅनर असलेल्या वर्कशॉपकडेच जाऊ द्या.

हत्यारं आणि सामान

काम सुरू करण्याआधी हे सगळं हाताशी हवं. अर्धं काम झाल्यावर पुलर आणायला बाजारात जायचं म्हणजे व्हील अर्धवट, बॅटरी सुटलेली आणि शेजारच्या मुलाने येऊन व्हील फिरवून पाहिलेलं.

- बॅटरीच्या टर्मिनलसाठी 10 नंबरचा पाना
- मधल्या नटसाठी सॉकेट. बहुतेक गाड्यांत 17 किंवा 19 नंबर लागतो. रॅचेट आणि लांब टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा) सोबत ठेवा.
- एअरबॅगच्या बोल्टसाठी टॉर्क्स बिट, बऱ्याचदा टी-30
- दोन बोल्टचा स्टेअरिंग पुलर, म्हणजे घट्ट बसलेलं व्हील ओढून काढणारं हत्यार
- टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा पाना
- चपटा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला दोन वेढे टेप गुंडाळलेला
- पांढरा पेंट मार्कर आणि मास्किंग टेप
- फोटो काढायला मोबाईल

फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या गाड्यांत मध्ये नट नसतो. आतून बारा दातांची खाच असलेला बोल्ट असतो आणि त्याला त्याच मापाचा स्प्लाइन बिट लागतो. जवळपास बसणारा ॲलन किंवा टॉर्क्स बिट घालून जोर केला की बोल्टचं डोकं खराब होतं. मग तो बोल्ट ड्रिलने पोखरून काढण्याची वेळ येते आणि खाली क्लॉक स्प्रिंग असते.

आणखी एक गोष्ट आधीच मिळवून ठेवा: तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला त्या नटचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा तो आकडा. तो साधारण 30 ते 50 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण गाडीगणिक बदलतो, आणि अंदाजाने आवळायची ही जागा नाही. नट किंवा वॉशर एकदाच वापरायचा असल्याचं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर नवा आणूनच कामाला बसा.

टप्पा 1 : सरळ जागा नोंदवा

हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो.

गाडी एका सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. चाकं सरळ असताना व्हीलचा वरचा मध्य नेमका कुठे आहे ते पाहा. व्हील आधीपासूनच थोडं कललेलं असेल तर ते आत्ता कळायला हवं. नंतर कळलं तर दोष तुमच्या कामाचा की अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांच्या जुळणीचा) हे ठरवता येणार नाही.

तशीच सरळ येत गाडी जिथे काम करायचं तिथे सपाट जागी थांबवा. शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये व्हील वळवू नका. पार्किंगमध्ये गाडी वळवून लावली आणि मग अंदाजाने व्हील सरळ केलं, तर चाकं सरळ आहेत असं फक्त वाटतं. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा.

आता मास्किंग टेपचा एक छोटा तुकडा व्हीलच्या वरच्या मध्यावर लावा. दुसरा त्याच्या बरोबर समोर, स्टेअरिंग कॉलमच्या प्लास्टिक कव्हरवर. दोन्हींवर एकाच रेषेत मार्करने उभी रेघ मारा. समोरून फोटो काढा. पुढची चाकं बाहेरून पाहा, दोन्ही बाजूंनी सरळ दिसताहेत ना ते बघा आणि त्यांचाही फोटो घ्या.

सावध: इथून पुढे व्हील परत बसेपर्यंत पुढची चाकं हलवायची नाहीत. गाडी जॅकवर घेऊ नका, चाक हाताने वळवू नका, गाडी ढकलू नका.

टप्पा 2 : बॅटरी सोडा आणि थांबा

चावी बंद करून काढा आणि खिशात ठेवा. बटण स्टार्टची गाडी असेल तर रिमोट चावी गाडीपासून लांब ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल 10 नंबरच्या पान्याने ढिलं करून पूर्ण बाजूला घ्या. त्याच्या टोकावर कापड गुंडाळा, म्हणजे ते उडी मारून परत टेकणार नाही.

मग थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तो थोडी वीज साठवून ठेवतो. बॅटरी काढल्यावरही ती वीज लगेच संपत नाही. काही मॅन्युअल 90 सेकंद सांगतात, काही तीन मिनिटं. तुमच्या गाडीचा आकडा काहीही असो, पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात चहा होतो, आणि ज्या वस्तूशी आपला चेहरा फूटभर अंतरावर येणार आहे तिच्यासाठी पंधरा मिनिटं काहीच नाहीत.

तपासा: हॉर्न दाबून पाहा, आतला दिवा लावून पाहा. दोन्ही मेलेले असले पाहिजेत.

टप्पा 3 : एअरबॅग किंवा हॉर्न पॅड उतरवा

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत मधलं हॉर्न पॅड क्लिपवर किंवा मागून एक-दोन स्क्रूंवर बसलेलं असतं. आधी मागे स्क्रू आहेत का ते बघा. नसतील तर कडेने बोटं घालून सरळ स्वतःकडे ओढा. मागे हॉर्नची एक वायर असते, तिचा पिन हलकेच काढा. स्प्रिंग किंवा वॉशर निघाला तर कुठून निघाला त्याचा फोटो काढा. बस, तुम्ही थेट टप्पा 4 वर जा.

एअरबॅग असेल तर ती दोनपैकी एका पद्धतीने बसवलेली असते.

पहिली पद्धत बोल्टची. व्हीलच्या डाव्या-उजव्या बाजूला, मागच्या अंगाला छोटी प्लास्टिकची झाकणं असतात. ती काढली की आत टॉर्क्स बोल्ट दिसतात. काही गाड्यांत हे बोल्ट पूर्ण बाहेर येत नाहीत, ढिले झाले की आपल्या घरातच अडकून राहतात. ढिला झाल्यावर फिरतच राहिला तर ओढाताण करू नका, तो सुटलेला आहे.

दुसरी पद्धत स्प्रिंग क्लिपची. व्हीलच्या मागे किंवा खाली दोन-तीन छोटी भोकं असतात. त्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर किंवा गोल सळई घालून आतली तार दाबली की ती बाजू टक्कन सुटते. भोक दिसायला अवघड असेल तेव्हा व्हील फिरवावंसं वाटतं. टप्पा 1 मधल्या सावधगिरीला एवढी एकच सूट आहे: जेवढं फिरवाल तेवढंच परत आणा आणि टेपच्या दोन्ही रेघा पुन्हा जुळल्याची खात्री करा.

पॅड सुटलं की लगेच खेचू नका. मागे पिवळा कपलर असतो. एअरबॅगचं वायरिंग पिवळ्या रंगात देण्याची पद्धत आहे, त्यामुळे चुकण्याचं कारण नाही. कपलरच्या मधोमध एक छोटं लॉक असतं. ते बारीक स्क्रू ड्रायव्हरने वर उचला, मग कपलर सरळ बाहेर घ्या. वायर धरून ओढायचं नाही. हॉर्नची वायर आणि व्हीलवरच्या बटणांचा कपलर वेगळा असेल तर तोही काढा. कपलरला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडी भागाला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल.

एअरबॅग नेताना तिची सजावटीची बाजू अंगापासून लांब, बाहेरच्या दिशेला धरा. ठेवताना तीच बाजू वर. उलटी, म्हणजे पॅड खाली करून ठेवली आणि ती काही कारणाने उघडली, तर सगळं धातूचं घर वर उडेल. उन्हात तापलेल्या बोनेटवर ठेवू नका. वर काही ठेवू नका. मुलं आणि कुत्रा येणार नाही अशा खोलीत ठेवा.

सावध: एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतःची थोडी वीज पाठवतो, आणि एअरबॅगचा इग्निटर थोड्या विजेवरच चालतो.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. अनेक गाड्यांत याच पॅडवर देवाची धातूची छोटी प्रतिमा किंवा चमकणारा बिल्ला चिकटवलेला असतो. भावना समजते, पण एअरबॅग उघडते तेव्हा ती वस्तू थेट चालकाच्या तोंडावर येते. पॅड हातात आहेच, तर तो बिल्ला काढून डॅशबोर्डवर, एअरबॅगच्या झाकणापासून दूर लावा.

टप्पा 4 : नट आणि खूण

आता मध्ये नट दिसेल. तो खोलताना डाव्या हाताने व्हीलची रिम घट्ट धरा आणि उजव्या हाताने टॉमी फिरवा. एकट्याने जमत नसेल तर दुसऱ्याला व्हील धरायला बसवा. इथे एक वाईट सवय फार पसरलेली आहे: चावी काढून स्टेअरिंग लॉक करायचं आणि लॉकच्या भरवशावर नटवर जोर द्यायचा. तो लॉकचा पिन चोराच्या हाताला अडवायला केलेला आहे, लांब टॉमीचा जोर सोसायला नाही. पिन वाकला तर पुढे चावी अडकते, आणि ते दुरुस्त करणं व्हील काढण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं.

नट आणि वॉशर काढा आणि आता खूण करा. शाफ्टच्या (व्हील ज्या दांड्यावर बसतं त्याच्या) टोकावर आणि व्हीलच्या मधल्या धातूवर एकच सलग सरळ रेघ, पेंट मार्करने. खडू नको, साधा पेनही नको. बोटाच्या तेलाने दोन्ही पुसले जातात. काही जण नट न काढताच नटवर आणि व्हीलवर खूण करतात. ती खूण काहीच कामाची नाही, कारण नट फिरतो आणि परत आवळल्यावर वेगळ्याच जागी थांबतो.

काही गाड्यांत शाफ्टवर एक दात रुंद असतो आणि व्हील एकाच जागी बसतं. तरीही खूण कराच. गंजलेल्या शाफ्टवर रुंद दात शोधत बसण्यापेक्षा रेघ पटकन दिसते.

खूण वाळली की नट परत हाताने तीन-चार आटे लावून ठेवा. काढून बाजूला ठेवायचा नाही. का, ते पुढच्या टप्प्यात.

तपासा: शाफ्ट ते व्हील रेघ सलग आहे. टेपच्या रेघा अजून जुळलेल्या आहेत. नट तीन-चार आट्यांवर आहे. तिन्हींचा एक फोटो.

टप्पा 5 : व्हील सोडवा

शाफ्टवर बारीक दाते असतात आणि बऱ्याच गाड्यांत टोकाकडे निमुळता उतार असतो. वर्षानुवर्षं आवळलेलं व्हील त्यावर घट्ट धरून बसतं. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांत गंजही मदतीला येतो.

आधी हाताने प्रयत्न करा. सीट मागे घ्या, दोन्ही हातांनी रिम 9 आणि 3 च्या जागी धरा आणि आळीपाळीने डावी बाजू, उजवी बाजू, मग वर, खाली असं स्वतःकडे ओढत हलवा. फिरवायचं नाही, डुलवायचं. बऱ्याच गाड्यांत एवढ्यानेच काम होतं. सुटतं तेव्हा ते हळूहळू येत नाही. बराच वेळ दगडासारखं बसलेलं व्हील एका क्षणी खट्कन उतार सोडतं आणि सगळ्या ताकदीनिशी तुमच्याकडे येतं. नट आट्यांवर असेल तर ते एक-दोन सेंटिमीटरवर थांबतं. नसेल तर नाकावर येतं, आणि मागची वायर ताणली जाते ते वेगळंच.

हाताने आलं नाही तर पुलर. व्हीलच्या मध्यावर, नटच्या दोन्ही बाजूंना आटे असलेली दोन भोकं असतात. त्यात बसणारे बोल्ट आधी हाताने लावून पाहा. हाताने सहज फिरले पाहिजेत, अडकले तर माप चुकलं आहे. पाच-सहा आटे पुरे. जास्त लांब बोल्ट खोलवर गेले तर त्यांची टोकं मागच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये घुसतात. पुलर वापरून झाल्यावर क्लॉक स्प्रिंगची केबल फाटलेली निघते ती यामुळेच. मधला स्क्रू शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकवा. शाफ्टच्या टोकाला खळगा नसेल तर मध्ये जाड वॉशर किंवा छोटी पट्टी ठेवा. आता मधला स्क्रू सावकाश आवळा, दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवा.

आटे असलेली भोकंच नसतील तर तीन बोटांचा बेअरिंग पुलर रिमच्या काड्यांना अडकवू नका. काड्या वाकतात. डुलवत राहा, मदतीला दुसऱ्याला घ्या.

सावध: शाफ्टच्या टोकावर किंवा व्हीलच्या मागून हातोडा मारायचा नाही. स्टेअरिंग कॉलम अपघातात आत दबावा म्हणून बनवलेला असतो, आणि हातोड्याचा मार त्याला अपघातासारखाच वाटतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची मोटर आणि टॉर्क सेन्सर याच कॉलमवर असतात. हातोड्याने वाचवलेला अर्धा तास तिथे फार महागात पडतो.

गंज मोडायला तेलाचा स्प्रे थेट मारू नका. तो खाली क्लॉक स्प्रिंगवर आणि स्विचच्या पट्ट्यांवर झिरपतो. कापडाच्या टोकाने एक-दोन थेंब दात्यांवर लावा आणि वाट बघा.

व्हील सुटलं की नट काढा, वायरी व्हीलच्या भोकातून एक एक करून मागे जाऊ द्या आणि व्हील बाहेर घ्या. या क्षणी व्हील हातात घेऊन लगेच उठू नका. एखादी वायर अजून अडकलेली असते.

टप्पा 6 : क्लॉक स्प्रिंगला हात लावण्याआधी टेप

व्हील निघालं की समोर गोल प्लास्टिकची डबी दिसते, तिच्यातून वायरी बाहेर आलेल्या असतात. ही क्लॉक स्प्रिंग. आत चपटी, पातळ पट्टीसारखी केबल शिंप्याच्या मोजपट्टीसारखी गुंडाळलेली असते. व्हील फिरतं तशी ती उलगडते आणि गुंडाळली जाते, म्हणून व्हील कितीही फिरलं तरी एअरबॅग, हॉर्न आणि बटणांची जोडणी तुटत नाही. पण तिची लांबी मोजकीच असते. डबी मधल्या जागी नसताना व्हील बसवलं तर गाडी सुरळीत चालते, पहिल्या यू-टर्नपर्यंत. मग पूर्ण वळणात केबल ताणली जाते आणि तुटते.

म्हणून व्हील निघाल्याबरोबर डबीचा फिरणारा आणि स्थिर भाग दोन ठिकाणी मास्किंग टेपने एकमेकांना चिकटवा. नवी क्लॉक स्प्रिंग बसवत असाल तर ती कंपनीतूनच मध्यावर लॉक होऊन येते. तिची टेप किंवा पिन डबी जागेवर बसल्यावर आणि व्हील चढवण्याच्या अगदी आधी काढा.

टेप लावायची राहिली आणि डबी फिरली असेल, तर तिला मध्यावर आणायची रीत अशी:

1. पुढची चाकं सरळ आहेत याची पुन्हा खात्री करा.
2. डबी बोटांनी, जोर न लावता, घड्याळाच्या उलट दिशेने थांबेपर्यंत फिरवा. अडकली की थांबा. इथे जोर केला तर केबल तुटते.
3. आता घड्याळाच्या दिशेने दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मोजत न्या. बऱ्याच गाड्यांत पाचच्या आसपास भरतात.
4. जेवढ्या भरल्या त्याच्या निम्म्या परत या. पाच असतील तर अडीच.
5. डबीवरची बाणाची किंवा त्रिकोणाची खूण समोरच्या खुणेशी जुळते का पाहा. जुळली की टेप लावा.

क्लॉक स्प्रिंग जुन्या गाडीतून काढलेली घेऊ नका. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत सुटे भाग भरपूर मिळतात आणि जुनं व्हील तिथून घ्यायला हरकत नाही, फक्त दात्यांची संख्या आणि निमुळतेपणा जुळतो का ते आपलं जुनं व्हील सोबत नेऊन बघा. पण क्लॉक स्प्रिंग आणि एअरबॅग या दोन वस्तू नव्याच घ्यायच्या. वापरलेल्या एअरबॅगचं आतलं काहीही बाहेरून तपासता येत नाही.

आणखी एक प्रकार पक्का नाकारा. क्लॉक स्प्रिंग तुटल्यावर एअरबॅगच्या कपलरमध्ये छोटा रेझिस्टर घालून मीटरमधला दिवा घालवून द्यायचा, असं काही ठिकाणी करून देतात. कंट्रोल युनिटला वाटतं एअरबॅग जोडलेली आहे. ती जोडलेली नसते. दिवा पेटलेला असेल तर निदान चालकाला धोका माहीत असतो. रेझिस्टर घातला की तेही जातं, आणि गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

टप्पा 7 : व्हील चढवा

आधी दाते साफ करा. कोरड्या ब्रशने गंज आणि जुनी घाण काढा. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर दात्यांना ग्रीस लावू नका. एअरबॅग नसलेल्या गाडीत हॉर्नची पितळी गोल पट्टी आणि तिच्यावर टेकणारा स्प्रिंगचा पिन दिसेल. पट्टी कापडाने स्वच्छ करून त्यावर अगदी बोटाच्या टोकाएवढं ग्रीस चालतं.

क्लॉक स्प्रिंगची टेप काढा. सगळ्या वायरी व्हीलच्या भोकातून पुढे ओढून घ्या आणि एका हाताने बाजूला धरा. व्हीलखाली दाबली गेलेली वायर लगेच त्रास देत नाही. तिचं आवरण काही महिन्यांत झिजतं आणि मग वळणावर हॉर्न आपोआप वाजायला लागतो.

व्हील शाफ्टवर आणा. तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: शाफ्टची रेघ, क्लॉक स्प्रिंगच्या पिना व्हीलच्या मागच्या भोकांत, आणि इंडिकेटर परत आणणारी खाच. इंडिकेटरचा दांडा मधल्या, बंद जागी ठेवा. तो डावी-उजवीकडे असताना व्हील दाबलं तर परत आणणारा प्लास्टिकचा तुकडा मोडतो. व्हील हाताने सपाट आणि सारखं बसलं पाहिजे. एका बाजूला फट दिसत असेल तर पिन जागेवर नाही. नट आवळून ती फट घालवायची नाही. व्हील काढा आणि पुन्हा बघा.

वॉशर, मग नट. पहिले आटे हातानेच. सॉकेटने सुरुवात केली आणि नट तिरका गेला तर शाफ्टचे आटे मरतात, आणि शाफ्ट म्हणजे अख्खा कॉलम. नट बोटांनी पूर्ण बसला की रिम धरून टॉर्क पाना लावा आणि मॅन्युअलच्या आकड्यावर क्लिक होईपर्यंत आवळा. क्लिक झाल्यावर "अजून थोडं" नको.

तपासा: शाफ्टची रेघ सलग आहे. टेपच्या वरच्या-खालच्या रेघा जुळल्या आहेत. व्हील पुढे-मागे हलवून पाहिलं तर शाफ्टवर खडखड नाही. इथे शंका असेल तर आत्ताच व्हील काढा, एअरबॅग लावल्यावर नको.

टप्पा 8 : एअरबॅग आणि बॅटरी

हॉर्नची वायर आणि बटणांचा कपलर आधी, पिवळा कपलर शेवटी. टिक आवाज येईपर्यंत दाबा, मग वरचं लॉक खाली दाबा. लॉक खाली जात नसेल तर कपलर पूर्ण बसलेला नाही. वायरी आपल्या जुन्या वाटेने, क्लिपमध्ये बसवा आणि पॅड जागेवर ठेवा. क्लिपची पद्धत असेल तर प्रत्येक बाजूचा वेगळा टक् आवाज ऐकू आला पाहिजे. बोल्ट असतील तर दोन्ही हाताने लावून मग मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. हे बोल्ट लहान असतात, मधल्या नटएवढा जोर त्यांना लावायचा नाही. पॅडच्या चारी बाजूंची फट सारखी आहे ना ते पाहा.

गाडीत कोणी नसताना, चावी बंद ठेवून, बॅटरीचं टर्मिनल जोडा. मग चालकाच्या दारातून बाजूला उभं राहून, छाती व्हीलसमोर न आणता, हात लांब करून चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला की जोडणी ठीक.

टप्पा 9 : हलवून पाहा, मग रस्त्यावर

इंजिन चालू करा आणि व्हील सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. शेवटच्या टोकाला जोराने दाबून धरू नका. आतून चरचर, ओढल्यासारखा आवाज किंवा अडखळणं जाणवलं तर तिथेच थांबा. क्लॉक स्प्रिंग मध्यावर नाही.

हॉर्न तीन ठिकाणी वाजवा: मध्ये, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. इंडिकेटर दोन्ही बाजूंना लावून व्हील वळवा आणि परत आणा, तो आपोआप बंद झाला पाहिजे. व्हीलवरची प्रत्येक बटणं दाबा.

बॅटरी सुटल्यामुळे काही गाड्यांत स्टेअरिंग किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलेला राहतो. स्टेअरिंग अँगल सेन्सरची सरळ जागा विसरली गेलेली असते. अनेक गाड्यांत व्हील दोन्ही टोकांना फिरवून थोडं सरळ चालवलं की तो दिवा जातो. नाही गेला तर स्कॅनरवर कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. पॉवर विंडोचं ऑटो फंक्शनही पुन्हा शिकवावं लागू शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता टप्पा 1 मधल्याच सरळ रस्त्यावर हळू चालवा. टेप अजून काढू नका.

व्हील तरीही तिरकं दिसलं तर

आधी फोटो बघा. काढण्याआधीही तेवढंच तिरकं होतं? मग तुमचं काम बरोबर आहे, अलाइनमेंट करून घ्या.

आधी सरळ होतं आणि आता स्पष्ट कललेलं दिसतं? एक दात चुकला आहे. शाफ्टवर 36 दाते असतील तर एक दात म्हणजे 10 अंश, नजरेला सहज कळतो. टप्पा 2 पासून पुन्हा सगळं करा, पंधरा मिनिटांच्या थांब्यासकट. बॅटरी न सोडता फक्त पॅड उचलून नट ढिला करायचा मोह इथेच होतो, कारण कंटाळा आलेला असतो.

एका दातापेक्षा कमी, दोन-तीन अंशांचा फरक असेल तर तो व्हील काढून घालवता येत नाही. दातांच्या मध्ये जागाच नसते. तो टाय रॉडवर (स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) दुरुस्त होतो, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानात. याच्या उलटही खरं आहे. टायर खड्ड्यात आपटल्यावर व्हील तिरकं झालं म्हणून व्हील एक दात फिरवून सरळ करू नका. व्हील सरळ दिसेल, चाकं वाकडीच राहतील, क्लॉक स्प्रिंग आणि अँगल सेन्सर दोन्ही आपापल्या मध्यावरून सरकतील आणि टायर एका कडेने झिजत जातील.

एअरबॅगचा दिवा विझला नाही तर एकदाच, बॅटरी सोडून आणि पंधरा मिनिटं थांबून, पिवळा कपलर आणि त्याचं लॉक पुन्हा बसवून पाहा. तरीही दिवा राहिला तर पुढचं काम स्कॅनरचं आहे. कोड वाचल्याशिवाय नवी क्लॉक स्प्रिंग विकत घेऊ नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत या गाडीची एअरबॅग उघडणार नाही असं धरूनच चालवा.